नकाशातली कोरी पांढरी

उन्हाळा लागला की पुण्या-सोलापूरच्या बातम्यांत एक विचित्र आकडा यायला लागतो. उजनी उणे दहा टक्के, उजनी उणे तीस टक्के. धरणात उणे पाणी कसं काय असू शकतं, हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत कळलेलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. उत्तर सोपं आहे. उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या आसपास, मृतसाठा. मोजणीचं शून्य या मृतसाठ्याच्या डोक्यावर धरलेलं आहे, त्यामुळे पाणी त्याखाली गेलं की टक्के उणे होतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठच्या घरात गेले होते.

या आकड्याची सगळ्यांना धास्ती असते. आमच्या आजीला मात्र तो आकडा जितका उणा होईल तितकं बरं वाटतं. "आज किती उणं?" हा तिचा मे महिन्यातला रोजचा प्रश्न. पाणी खूप उतरलं की पळसदेवच्या जुन्या पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं, त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात आणि आजी ते फोटो बोटांनी मोठे करून मागची जमीन बघत बसते. तिचं सासर त्याच पट्ट्यातलं, इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. आता ते पाण्याखाली आहे. गावाचं नाव मी लिहीत नाहीये, कारण लेखात पुढे काही सह्यांची गोष्ट येणार आहे आणि सह्या करणारी माणसं हयात आहेत.

गेली दोन वर्षं शनिवार-रविवारी मी या गावाचे जुने नकाशे आणि कागद जमवत आहे. 'आपल्या गावाचा इतिहास कसा शोधावा' अशा छापाचं बरंच काही इंटरनेटवर सापडतं. त्यात कुठे क्लिक करायचं ते असतं. मिळालेला कागद वाचायचा कसा, हे नसतं. कादंबरी वाचताना आपण सहज विचारतो, हे कोण सांगतंय, कोणाला सांगतंय, काय गाळतंय. नकाशा समोर आला की मात्र हे सगळं विसरून आपण थेट झूम करतो आणि आपलं घर शोधायला लागतो. मीही तेच केलं. म्हणून हा लेख माझ्याच वाचनाची समीक्षा आहे असंही समजायला हरकत नाही.

पहिला कागद अमेरिकन लष्कराचा. अमेरिकेच्या आर्मी मॅप सर्व्हिसने १९५० च्या दशकात भारताचे अडीच लाखास एक या प्रमाणाचे नकाशे छापले, 'यू ५०२' या मालिकेत. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते स्कॅन करून फुकट ठेवलेत. आपला पत्रा शोधायचा, उतरवून घ्यायचा, झालं. उजनीचं काम १९६६ ला सुरू झालं आणि १९८० ला धरण पूर्ण झालं. त्यामुळे या नकाशात भीमा अजून नदी आहे, एक निळी वळणावळणाची रेघ, आणि तिच्या काठाला गावांचे ठिपके. आमच्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने चुकलेलं आहे, पण गाव आहे. रात्री दोन वाजता मी तो स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला. बाबांनी अंगठा दिला. काकांनी विचारलं, "यात आपलं घर कुठं?"

घर कुठून असणार? या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर. आमचं अख्खं गावठाण शाईच्या एका ठिपक्यात मावलंय. पुण्याहून सोलापूरला जाणारी रेल्वे मात्र ठसठशीत काढलेली आहे. साहजिक आहे, निवेदक लष्करातला आहे. त्याला ट्रक कुठून जाईल, नदी कुठे ओलांडता येईल, एवढ्यापुरतं गाव हवंय. अशा नकाशांचे भगव्या-तपकिरी रंगात बुडवलेले, मागे बासरी लावलेले रील्स तुम्ही पाहिले असतील, 'तुमचं गाव १९५० साली असं दिसायचं'. नाही हो. ते असं दिसायचं नाही, परक्या फौजेला ते एवढंच दिसलं असतं तरी चाललं असतं.

दुसरा कागद आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाचा, इंचाला एक मैल. या पत्र्यांचे नंबर पहिल्यांदा बघितल्यावर पासवर्डसारखे वाटतात, पण त्यांची उतरंड फार देखणी आहे. चार अंश बाय चार अंशांच्या चौकोनाला एक आकडा. महाराष्ट्राचा मोठा पश्चिम भाग ४७ मध्ये येतो. त्याचे सोळा तुकडे, त्यांना ए पासून पी पर्यंत अक्षरं. पुणे ४७ एफ, त्याच्या पूर्वेला ४७ जे. त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा तुकडे, एक ते सोळा. अक्षरं आणि आकडे डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होऊन खाली उतरतात, मग शेजारच्या रकान्यात पुन्हा वरून. एवढं कळलं की कोणत्याही गावाचे अक्षांश-रेखांश बघून पत्र्याचा नंबर मनातल्या मनात काढता येतो. मी हे ऑफिसमध्ये लंचला मित्रांना करून दाखवलं. कोणालाही काही वाटलं नाही.

या पत्र्याचा निवेदक पायी चाललेला आहे. त्याला देऊळ दिसतं, विहीर दिसते, ओढा दिसतो, नदीतली वाळू ठिपक्याठिपक्यांनी दिसते. आमच्या गावाच्या वायव्येला एक विहीर आहे, ओढ्याच्या उत्तरेला. ती विहीर बघून मी जवळजवळ ओरडलेच, कारण आजीच्या बोलण्यात 'आपली हीर' सारखी येते. तिला लगेच फोन लावला. "आजी, आपली विहीर सापडली. ओढ्याच्या वरच्या बाजूला ना?"

"वरच्या कशाला? खालच्या अंगाला व्हती."

"नकाशात वरच्या बाजूला आहे."

"मग नकाशा चुकला आसंल."

मी तेव्हा मनात हसले, हे कबूल करते. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची. आजी चौथी शिकलेली, वय ऐंशीच्या पुढे, चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नाही. मी कोणावर विश्वास ठेवणार होते ते उघड होतं.

तिसरा कागद गावनकाशा. इथे जरा थांबायला हवं, कारण इंदापूर तालुक्याचा आणि या कागदाचा संबंध साधा नाही.

पेशवाई गेल्यावर दख्खनमध्ये जमिनीचा सारा ठरवायचं काम इंग्रजांनी आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडे दिलं. प्रिंगल हुशार माणूस. जमिनीच्या प्रत्येक प्रतीतून खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती निघतं ते काढायचं आणि त्याच्या ठरावीक हिश्शाएवढा सारा लावायचा, असं त्याचं मॉडेल होतं. कागदावर चोख. पण खालून येणारी मोजमापं खोटी किंवा ढिसाळ, हाताखालच्या लोकांनी पैसे खाऊन प्रती बदललेल्या, आणि त्यावर बसवलेला सारा शेतकऱ्याला न झेपणारा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझ्या क्षेत्रात अशी मॉडेल्स आठवड्याला एक या वेगाने निघतात, फरक इतकाच की त्यांच्यामुळे कोणी गाव सोडून परागंदा होत नाही. प्रिंगलची मोजणी कोसळली तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नवी, साधी पद्धत बसवली. सारा पिकावर नको, जमिनीच्या तुकड्यावर. तो तीस वर्षं बदलायचा नाही. आणि एक तुकडा म्हणजे साधारण एका बैलजोडीने कसता येईल इतकी जमीन. या तुकड्याला नंबर. आपल्या सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर तो हाच. म्हणजे मुळात ते बैलांच्या ताकदीचं माप आहे.

ही पद्धत पहिल्यांदा लागू झाली ती १८३६ च्या सुमाराला, इंदापूर तालुक्यात.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गच्चीत गेले. ज्या तालुक्यात शेताला नंबर देण्याची सुरुवात झाली, त्याच तालुक्यातले आमचे नंबर पाण्यात गेले होते.

मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पुण्याच्या आसपासच्या प्लॉटच्या जाहिरातींत जो गुंठा झळकत असतो, तो म्हणजे शेतात ओढत नेलेली एक लोखंडी साखळी. गावनकाशावर या साखळीचा हिशेब काटेकोर दिसतो. प्रत्येक नंबरची हद्द, कोपऱ्यावरचे दगड, ओढ्याने खाल्लेला तुकडा, शिवेवर तीन गावं मिळतात तिथली खूण. आमच्याकडे आलेली प्रत ही प्रतीची प्रत, घडीवर फाटलेली, तरी एकेक बांध सांगता येतो.

आणि मधोमध एक कोरी जागा. काहीच नाही. ना घर, ना गल्ली, ना देऊळ. फक्त 'गावठाण' हा शब्द.

मला आधी वाटलं स्कॅन नीट झालेला नाही. मग दुसऱ्या गावांचे नकाशे काढून बघितले, तिथेही तेच. कारण अगदी व्यवहारी आहे: गावठाणावर शेतसारा नाही, म्हणून ते मोजायचं कारण नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'मध्ये काळी आणि पांढरी हे शब्द भेटतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गावनकाशाने काळीचा इंच न् इंच काळा केला आणि पांढरी अक्षरशः पांढरी सोडली. माणसं जिथे जन्मली, भांडली, मेली, ती जागा सरकारच्या लेखी रिकामी. ती भरायला ड्रोन यावे लागले, २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली तेव्हा. आमच्या जुन्या पांढरीवर तेव्हा पाणी होतं. ती कोरीच राहिली.

गावनकाशाला मी वाईट म्हणत नाही. निवेदक म्हणून तो प्रामाणिक आहे, त्याला काय हवंय ते लपवत नाही. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचं तसं नाही. तीन जाडजूड भाग, माहितीचा डोंगर, आणि मला ते वापरावंच लागतं. पण त्याचा निवेदक सर्वज्ञ आहे. तो एकेका जातीला स्वभावाची प्रमाणपत्रं वाटत जातो, ही कष्टाळू, ती काटकसरी, ती आळशी, आणि पुढच्याच परिच्छेदात त्याच सुरात पावसाचे इंच सांगतो. वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच मोजलेलं वाटतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे जुने रजिस्टर, मोडी वाचणारे आणि 'गॅझेटिअर' हा शब्द एकदम घराघरात आला. कोतवाल बुकातल्या एका शब्दावर पोराची ॲडमिशन ठरू शकते म्हटल्यावर लोक कागद शोधणारच. माझं म्हणणं इतकंच, की तो शब्द लिहिणारा कोण होता, समोरच्याला विचारून लिहिला की अंदाजाने, हा प्रश्न वाचणाऱ्याने स्वतःशी तरी ठेवावा.

आणि घराण्याच्या इतिहासवाल्यांविषयी एक. त्यांचा शोध बहुतेक वेळा एखाद्या सनदेपाशी पोचला की आनंदाने संपतो. पेशवे दफ्तरात ज्यांचं नाव आहे ते बहुतेक वतनामुळे, इनामामुळे किंवा भांडणामुळे. ज्याच्याकडे भांडण्यासारखं काही नव्हतं त्याचं नाव कोण कशाला लिहील? आजी सांगते, उन्हाळ्यात नदी आटली की काही घरं वाळूत कलिंगडं-खरबुजं लावायची, चार महिने त्यावर काढायची. नदीपात्राला सर्व्हे नंबर नाही. ती माणसं मी पाहिलेल्या एकाही कागदात नाहीत.

आता विहिरीकडे परत.

मागच्या हिवाळ्यात मी क्यूजीआयएस घेऊन बसले. जुना नकाशा आजच्या पृथ्वीवर बसवायचा तर दोन्हीकडे सापडणाऱ्या जागा लागतात, ज्या हलल्या नाहीत अशा. बुडालेल्या गावाच्या बाबतीत हीच तर अडचण. पार गेला, चावडी गेली, वाट गेली. रेल्वेमार्गसुद्धा धरणामुळे सरकवलेला. शेवटी डिकसळचा भीमेवरचा जुना पूल, पाणी उतरलेल्या वर्षाच्या उपग्रह चित्रातलं पळसनाथाचं शिखर, आणि पाण्याबाहेर राहिलेल्या माळावरच्या दोन शिवा एवढ्यांवर काम भागवलं. जुने नकाशे एव्हरेस्टच्या मापाची पृथ्वी धरतात, फोनचा जीपीएस दुसऱ्या मापाची. तो फरक सांभाळला नाही तर गाव शेजारच्या गावात जाऊन बसतं. माझं पहिल्यांदा बसलंच. आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिथं माझी नणंद दिली व्हती, बरं झालं."

तो नकाशा फोनमध्ये घातला आणि जानेवारीत आजीला घेऊन भिगवणला गेलो, रोहित पक्षी बघायला म्हणून. पक्ष्यांसाठी पुण्या-मुंबईची गर्दी, हात हातभर लेन्सा. नावाडी सराईत होता, त्याने बोट बरोबर उजेडाच्या बाजूला नेली. शेजारच्या बोटीतले लोक गुलाबी पंख टिपत होते आणि मी फोनकडे बघत होते. निळा ठिपका हळूहळू सरकत एका नंबरातून दुसऱ्या नंबरात जात होता. "आजी, आता आपण आपल्या रानात आहोत." तिने बोटीच्या कडेवरून हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. मग विचारलं, "आन् हीर?" मी विहिरीच्या दिशेला बोट दाखवलं. तिने मान हलवली. "सकाळी पाणी शेंदताना ऊन माझ्या डाव्या गालावर यायचं. आन् ओढा तोंडासमोर. तूच सांग."

ऊन डाव्या गालावर म्हणजे पूर्व डावीकडे, म्हणजे तोंड दक्षिणेला. आणि ओढा समोर. मग विहीर ओढ्याच्या उत्तरेला, म्हणजे नकाशा बरोबर! मी विजयी मुद्रेने तिच्याकडे बघितलं. तिने शांतपणे सांगितलं, "लगीन हून आले तवाची ती हीर. ती पडकी झाली म्हणून मग तुझ्या आज्यानं खाली नवी पाडली. तिला मी आपली म्हणते. माझ्या डोक्यावरनं माती गेलीय तिची."

पुण्याला आल्यावर नकाशाचा समास पहिल्यांदा नीट वाचला. तिथे दोन सालं असतात, मोजणीचं आणि छपाईचं. मी छपाईचं साल धरून चालले होते. नव्या आवृत्तीत रस्ते, रेल्वे सुधारलेली असू शकतात, बाकीचं चित्र मात्र जुन्या मोजणीचंच राहतं. मोजणी झाली तेव्हा आजीचा जन्मही झालेला नव्हता. कथेचा काळ आणि पुस्तकाच्या प्रकाशनाचा काळ यात गल्लत करणाऱ्या समीक्षकाला आपण हसतो. असो.

नव्या विहिरीचा पुरावा काकांच्या ट्रंकेत निघाला. भूसंपादनाचा निवाडा, १८९४ च्या कायद्याखालचा. वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जायचं म्हणून आजोबांनी प्रत काढून ठेवली होती. आमच्या नंबरापुढे लिहिलंय: विहीर बांधीव एक, विहीर पडकी एक. मग झाडं. लिंब तीन, बाभळी अकरा, चिंच एक, बोर दोन. प्रत्येकापुढे रक्कम. पांढरीतल्या घराचीही नोंद, किती खण, भिंत मातीची, वर काय. जे गावनकाशाने दीडशे वर्षं कोरं ठेवलं होतं, ते इथे पहिल्यांदाच कोणीतरी मोजून लिहिलं होतं, आणि ते लिहिण्याचं कारण हे की आता ते बुडवायचं होतं.

आमच्या गावाविषयी मी वाचलेलं सगळ्यात चांगलं वर्णन हेच. एकही विशेषण नाही. मी ते मोठ्याने वाचत होते आणि आजी मध्ये मध्ये दुरुस्त करत होती. "चिंच एक, पण केवढी ते लिवलंय का?" नव्हतं लिहिलेलं. पण म्हणून या कागदाच्या प्रेमात पडू नये, हे मी स्वतःला बजावते आहे. तो मालकाशी बोलतो. कसणाऱ्याशी, सालगड्याशी, वाळूत कलिंगडं लावणाऱ्याशी तो एक शब्द बोलत नाही. पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा राज्यात आला १९७६ ला. धरणाचं काम सुरू होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

शेवटचे कागद दोन, आणि ते मी खरं तर वंशवृक्ष करायचा म्हणून काढले होते. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार. घराण्याचा शोध घेणाऱ्यांना माझा सल्ला असा, की सातबाऱ्यावर थांबू नका. सातबारा म्हणजे आजचं चित्र. ते असं का झालं, ते फेरफारात असतं. सातबाऱ्यावर नावापुढे किंवा इतर हक्कांत जो छोटा गोल केलेला आकडा दिसतो, तो फेरफाराचा नंबर. तो धरून मागे मागे जायचं. व्हर्जन कंट्रोल वापरणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

धरणाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीवर आजोबांचं नाव लागलं होतं. ते गेल्यावरची वारस नोंद मला मिळाली. पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. माझ्या दोन्ही आत्यांची पूर्ण नावं, माहेरची. मी आनंदाने ती झाडात भरली. मग पुढचा फेरफार उघडला. चार महिन्यांनंतरचा. दोन्ही मुलींनी हक्कसोड पत्र करून दिल्याने त्यांची नावं कमी करण्यात येत आहेत.

आमच्या घरातल्या कागदांत माझ्या आत्या इतक्याच आहेत. एका नोंदीने आल्या, दुसरीने गेल्या. हे फक्त आमच्याच घरचं नाही, आणि बेकायदा तर अजिबात नाही. १९५६ च्या कायद्याने मुलींना वडिलांच्या वाट्यात वाटा दिला, १९९४ ला महाराष्ट्राने आणि २००५ ला देशाने तो मुलांच्या बरोबरीला आणला, आणि तरी आजही तालुक्याच्या गावी रक्षाबंधनाच्या आसपास हे दस्त होत असतात. दस्ताची भाषा ठरलेली असते: स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता. निवेदक प्रथमपुरुषी, 'मी लिहून देते की'. लिहून देणारीने त्यातला एकही शब्द लिहिलेला नसतो.

मोठी आत्या दिवाळीत आली होती. मी तिला फोनवर दस्ताची पीडीएफ दाखवली. दाखवावी की नाही यावर आठवडाभर विचार केला होता. तिने चष्मा लावला आणि मजकूर सोडून थेट शेवटच्या पानावर गेली. बोटांनी मोठं केलं.

"सही आहे बघ. अंगठा नाही. सातवी पास होते मी."

"आत्या, स्वखुशीने लिहिलंय."

"खुशीच होती की. येताना तुझ्या बाबांनी इंदापुरात साडी घेतली." मग थोडं थांबून, "नाही म्हटलं असतं तर परत कुठल्या तोंडानं आले असते इथं दिवाळीला?"

तिला राग आलेला नव्हता. मला तो यावा अशी मी वाट बघत होते बहुतेक. तिने पुन्हा पहिल्या पानापासून सावकाश, ओठ हलवत, अख्खा दस्त वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होती, असं तीच म्हणाली. वाचून झाल्यावर चष्मा काढला, फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघराकडे बघून हळू आवाजात विचारलं, "तुझ्याकडनं घेतलं का गं अजून?"

मी नाही म्हणाले. बाहेरच्या खोलीत बाबांनी बातम्या लावल्या होत्या. आजी त्यांना विचारत होती, किती टक्के. ते म्हणाले, "आई, दिवाळी आहे. शंभरावर आहे आता."